दोन बिघ्यांचा शंभू

भाकरी-कालवण उरकून रेडिओजवळ बसला असाल. आज बियाणं नाही, कर्जाची योजना नाही. आज सिनेमाच्या गप्पा. एका ताईंनी विचारलं होतं, हिंदी सिनेमात सगळ्यांत भारी काम कुठल्या नटाने केलं? प्रत्येकीचं उत्तर वेगळं असणार. माझं विचाराल तर ‘दो बीघा जमीन’मधले बलराज साहनी. सिनेमा १९५३ सालचा, बिमल रॉय यांचा.

गोष्ट आपल्या ओळखीची आहे. शंभू महतोची दोन बिघे जमीन. बंगालकडच्या मापाने ती एक एकरसुद्धा भरत नाही. जमीनदाराला तिथे गिरणी उभारायची आहे. शंभू जमीन देत नाही म्हटल्यावर तो म्हणतो, मग माझं कर्ज फेड. शंभूच्या हिशोबाने देणं निघतं पासष्ट रुपये. घरातलं किडूकमिडूक विकतो, बायकोच्या कानातलंही जातं. पैसे घेऊन गेला तर वहीत दोनशे पस्तीस! आकडे खोटे, पण अंगठा शंभूचा. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं, आणि शंभू पैसे कमवायला कलकत्त्याला जाऊन माणसं ओढायची हातरिक्षा धरतो.

त्या वहीसमोरचा शंभूचा चेहरा बघा. तो ओरडत नाही, छाती बडवत नाही. आपणच कुठे चुकलो का, अशा नजरेने बघत राहतो. माझे वडील एका सावकाराच्या ओसरीवर असेच उभे राहिलेले मी लहानपणी पाहिलेत. म्हणून तो प्रसंग आला की मला अजून गिळता येत नाही.

आता गंमत ऐका. हे बलराज साहनी लाहोरला इंग्रजी घेऊन एम.ए. झालेले. शांतिनिकेतनात मास्तर होते, मग आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या कामात होते, आणि तिथून लंडनला जाऊन बीबीसीच्या रेडिओवर बोलायचे. म्हणजे आमच्याच बिरादरीतले! सुटाबुटात बिमल रॉयना भेटायला गेले, तेव्हा रॉय म्हणाले, तुम्ही या कामाचे नाही. साहनींनी सांगितलं, आधी ‘धरती के लाल’मध्ये मी शेतकरीच झालो होतो. मग काम मिळालं.

पण मिळालं म्हणून झालं का? मुंबईत जोगेश्वरीला दूधवाल्या भय्यांची वस्ती होती. तिथे जाऊन ते कसे बसतात, कसे खातात, गमछा कसा बांधतात, ते पाहत बसले. कलकत्त्यात रिक्षा ओढायला शिकले. तरी मनातून धास्तावलेले होते. तिथे एका रिक्षावाल्याला त्यांनी सिनेमाची गोष्ट सांगितली. तो रडायलाच लागला. त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे गहाण होती, आणि ती सोडवायला तो कित्येक वर्षं रिक्षा ओढत होता. साहनींनी पुढे लिहून ठेवलंय, की त्या दिवशी मी अभिनयाचा विचार सोडला आणि त्या माणसालाच स्वतःत घेतलं.

ते पडद्यावर दिसतं. एक गिऱ्हाईक पैसे वाढवत जातं, अजून जोरात, अजून जोरात. शंभू जनावरासारखा धावतो आणि रिक्षाचं चाक निखळतं. धावताना त्याच्या पायांकडे बघा, खांद्यांकडे बघा. ऊसतोडीला जाणारी किंवा विटभट्टीवर राबलेली बाई ते पाय लगेच ओळखेल.

निरूपा रॉय यांनी केलेली पार्वतीही तितकीच खरी आहे. गावात राहिलेल्या बाईची वाट पाहणं कसं असतं, त्यावर पुढे कधीतरी वेगळं बोलू.

शेवटी तिघं गावी परततात. जमीन गेलेली, तिथे गिरणीचं बांधकाम. शंभू कुंपणाजवळ वाकून मूठभर माती उचलतो. राखणदार हटकतो, काय चोरतोस? शंभू मूठ उघडतो. तेवढंच. तेव्हा बलराज साहनी काय करतात ते मी सांगणार नाही, तुम्हीच बघा.

गटाच्या बैठकीत एखादीच्या मोबाइलवर लावता येईल. त्या दिवशी पासबुकंही घेऊन या. आमच्या गटात सिनेमा संपल्यावर तीनजणींनी आपापले आकडे परत जुळवून पाहिले. एकीचा हप्ता लिहायचा राहिला होता.