हिमलोटाचा इशारा



हल्लीं पुण्या-मुंबईचीं मुलें सुटी लागतांच पाठीवर ओझें बांधून हिमालयाकडे निघतात. सह्याद्रीची चढण त्यांच्या पायांना ठाऊक असते. परंतु सह्याद्रींत दरड कोसळते, हिम कोसळत नाहीं. म्हणून ह्या अनोळखी संकटाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पर्वतावरील हिम एकजिनसी नसतें. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, असें तें पोळ्यांच्या चवडीप्रमाणें रचलेलें असतें. कडक थंडींत आंतील एखाद्या थराचे कण जाड्या साखरेसारखे सुटे होतात आणि त्यांची परस्परांवरील पकड जाते. त्यावर नवें हिम पडलें, किंवा वाऱ्यानें डोंगराच्या एका अंगाचें हिम दुसऱ्या अंगावर आणून टाकलें, म्हणजे भार असह्य होतो व वरचा थर फरशीसारखा तडकून निसटतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हें विशेषेंकरून घडतें.

मनुष्याचें पाऊल न लागतां आपोआप सुटणारा तो नैसर्गिक हिमलोट. त्याची शक्ति किती भयंकर! १९३७ च्या जून महिन्यांत नंगा पर्वतावर जर्मन मोहिमेच्या चौथ्या तळावर मध्यरात्रीच्या सुमारास हिमलोट कोसळला. सात जर्मन व नऊ शेर्पा असे सोळाहि जण तंबूंतच गाडले गेले. तळावरील एकहि वांचला नाहीं.

पण हाच लोट दुरून दृष्टीस पडला, तर तो दूत समजावा. समोर ताजा हिमलोट उतरलेला दिसला, तर त्याच दिशेस तोंड असलेला व तितकाच उभा दुसरा उतारहि कोसळण्याच्या बेतांत असावा, हें जाणावें. हिमांत धांवणाऱ्या भेगा, पायांखालीं उमटणारा दबका ‘धप्प’ असा आवाज, एकाएकीं वाढलेली ऊब, हे त्याचेच सोबती. प्राणघातक अपघातांपैकीं बहुतेकांत लोट त्या मंडळींच्याच भारानें सुटलेला असतो. निसर्गानें इशारा द्यावा आणि मनुष्यानें शेवटचें वजन घालावें, असा हा प्रकार!

गाडलेला मनुष्य पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर बहुधा जगतो. अर्ध्या तासानंतर आशा थोडी. तेवढ्यांत गांवाहून मदत कोठून येणार? म्हणून प्रत्येकाजवळ शोधयंत्र, शोधकाठी व फावडें हवेंच. हिमलोटांच्या अभ्यासासाठीं १९६९ सालीं मनालीस सरकारी संस्था निघाली. २०२० सालीं ती संरक्षण संशोधनाच्या एका नव्या संस्थेंत विलीन झाली. तेथून निघणारे इशारे पाहिल्यावांचून कोणीं पाऊल टाकूं नये.

शेवटीं आईबापांस एक विनंति. मुलगा किंवा मुलगी शिखर न गांठतां परत आली, तर “मग गेलीस कशाला?” असें म्हणूं नका. “काय पाहून परतलीस?” असें विचारा. त्या उत्तरांत शिखराहून मोठें शहाणपण असूं शकेल.