शार्क येईल का हो?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोकण सहलीच्या आधी सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सहलीची नावनोंदणी सुरू झाली त्या दिवशी नोटीस बोर्डापाशी बी विंगमधल्या एका छोट्या मुलीनं मला विचारलं, "काका, तिथे समुद्रात शार्क येईल का हो?" आजूबाजूची मोठी माणसं हसली. थोड्या वेळानं तिची आई जिन्यात भेटली आणि हळूच म्हणाली, "पण खरंच, येत नाहीत ना?" तेव्हा मला कळलं की हा प्रश्न एकट्या त्या मुलीचा नाही. म्हणून आज त्याचंच उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

ही भीती जगभर कशी पसरली, ते आधी सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आहे, 1916 सालची. न्यूयॉर्कमध्ये कडक उन्हाळा होता, एसी नव्हते, आणि शहरात पोलिओची साथ आली होती. ज्यांना परवडत होतं ते मुलाबाळांना घेऊन शेजारच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर गेले. तिथे हॉटेलं होती, समुद्रस्नानाची मौज होती. 1 जुलैला बीच हेवन इथे पोहणाऱ्या एका तरुणाला शार्कनं चावा घेतला आणि तो गेला. तरी फारशी खळबळ झाली नाही. शार्क माणसाला असं मारणार नाही, असं त्या काळी कित्येक जाणकारही म्हणत. शिवाय ऐन हंगामात हॉटेलवाल्यांना बोभाटा नको होता.

पाच दिवसांनी उत्तरेला स्प्रिंग लेक इथे एका हॉटेलचा कर्मचारी तसाच गेला. आता मात्र किनारे ओस पडले. जाळ्या लागल्या, बंदुका घेतलेल्या बोटी फिरू लागल्या. सगळ्यांचे डोळे समुद्राकडे होते, आणि 12 जुलैला शार्क आला तो मॅटावान गावाच्या खाडीत, खुल्या समुद्रापासून कितीतरी मैल आत. एका निवृत्त कप्तानानं पुलावरून त्याला पाहिलं होतं. तो गावात सांगत सुटला, पण लोकांना खरं वाटेना. अकरा वर्षांचा एक मुलगा त्या खाडीत गेला. त्याला शोधायला पाण्यात उतरलेला तरुणही गेला. तिसऱ्या मुलाला मात्र वाचवता आलं.

बारा दिवसांत चार मृत्यू. वर्तमानपत्रांना दुसरा विषय राहिला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळातही चर्चा झाली. आणि त्याच वर्षी पोलिओनं एकट्या न्यूयॉर्क शहरात दोन हजारांहून जास्त माणसं नेली, त्यात बहुतेक लहान मुलं. पोलिओचीही भीती होतीच, पण शंभर वर्षांनंतर आपल्याला गोष्ट आठवते ती शार्कची. कारण पोलिओचा विषाणू दिसत नाही. दात दिसतात.

पुढे 1974 मध्ये पीटर बेंचली यांची 'जॉज' ही कादंबरी आली आणि 1975 मध्ये त्यावर स्टीव्हन स्पीलबर्गचा सिनेमा. चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून तो पडद्यावर फारसा दाखवताच आला नाही. न दिसणारा शार्क लोकांना जास्तच घाबरवून गेला! ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, त्यांच्याही मनात ती भीती बसली. बेंचलींना नंतर याचं वाईट वाटलं, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी शार्क वाचवण्याच्या कामाला वाहून घेतलं.

आता म्हणाल, मग काय, भीती खोटीच? तसंही नाही. इजिप्तमधल्या शर्म अल शेखचं उदाहरण घ्या. तांबड्या समुद्राकाठचं हे गाव पर्यटनावर जगतं. 2010 च्या डिसेंबरमध्ये तिथे चार पर्यटक शार्कच्या चाव्यानं जखमी झाले. समुद्रात उतरायला बंदी आली. दोन शार्क पकडून मारले, 'सापडला गुन्हेगार' म्हणून समाधान मानलं आणि किनारे पुन्हा उघडले. लगेच 5 डिसेंबरला एका जर्मन बाईंचा बळी गेला. मग हा शत्रुदेशाच्या हेरखात्याचा डाव असावा, इथपर्यंत बोललं गेलं! अभ्यासकांनी दाखवलेल्या शक्यता साध्या होत्या: बकरी ईदच्या सुमारास जनावरं आणणाऱ्या जहाजांतून समुद्रात टाकलेल्या मेलेल्या मेंढ्या, पर्यटकांच्या हौसेसाठी माशांना घातलं जाणारं खाणं, आणि बेसुमार मासेमारी. म्हणजे शार्क किनाऱ्याशी आला, त्याला बोलावणं माणसाचंच असावं.

न्यू जर्सीत आधी दुर्लक्ष झालं, मग घबराट. शर्ममध्ये आधी घबराट, मग घाई. हे नेमकं कशानं होतंय, असा प्रश्न दोन्हीकडे वेळेवर कुणी विचारला नाही.

आता थोडे आकडे. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. माणसाला गंभीर इजा केल्याच्या बहुतेक नोंदी तीनच जातींच्या नावावर आहेत: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल शार्क. काही खोडी न काढता शार्क चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास, आणि मृत्यू साधारण पाच-सहा. उलट माणूस दरवर्षी कोट्यवधी शार्क मारतो. आपल्याकडेही मुशी म्हणा, मोरी म्हणा, बाजारात असतेच. मालवणी खानावळीत मोरीचं मटण चवीनं खाणारे इथे बरेच बसले आहेत. हसू नका, ती मोरी म्हणजे शार्कच!

म्हणजे कोकणच्या समुद्रात शार्क आहेत. पण त्यांनी माणसाला चावा घेणं अगदी क्वचित. अजिबातच नाही, असं मी म्हणणार नाही. 2024 च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला शार्कनं गंभीर इजा केली. मॅटावानसारखीच तीही खाडी होती. बुल शार्क गोड्या पाण्यातही वर चढू शकतो. तेव्हा स्थानिक माणूस 'इथे उतरू नका' म्हणाला, तर त्या कप्तानाचं झालं तसं त्याचं होऊ देऊ नका.

पण मंडळी, माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. एका दिवसात चौदा घरं! तिथे शार्क नव्हता. पाणी होतं, आणि पाण्याची ओढ होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली. त्यात नद्या, विहिरी, तलाव सगळं आलं, हे कबूल. तरी पाच-सहा कुठे आणि तीन लाख कुठे! आपण मात्र मुलाला विचारतो, "शार्कची भीती नाही ना वाटत?" आणि तो कमरेएवढ्या पाण्यात गेला की मोबाइल काढून फोटो घेतो.

म्हणून सहलीला येणाऱ्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, भरती-ओहोटी. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला. तरीही किनाऱ्यावर विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

दुसरी, पाण्याची ओढ. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, फेस तिथून आत जातोय, तर तो शांत पट्टाच धोक्याचा. पाणी तिथून समुद्राकडे परत जात असतं. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून जाल. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा.

तिसरी, कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही जातो. दोर, ओढणी, रिकामा कॅन, चेंडू, जे तरंगेल ते फेका, आणि जीवरक्षकाला हाक मारा.

चौथी, पाकट. 2013 मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना पाकटाचा काटा लागला होता. हा मासा शार्कचाच नातेवाईक, वाळूत लपून बसतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे तो आपणहून बाजूला होतो.

आणि मोठ्यांसाठी एक पोटकलम: ज्यांचा 'बसण्याचा' कार्यक्रम असेल, त्यांनी बसूनच राहावं. पाण्यात उतरू नये.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शार्क येण्याची शक्यता अगदी, अगदी कमी आहे. तू ये, लाटांत खेळ, शंखशिंपले गोळा कर. फक्त पाण्यात जाताना आईचा हात धर. आणि आईला माझी विनंती आहे, तेवढा वेळ मोबाइल पर्समध्येच ठेवा.

पंचवीस वर्षं आपण या सोसायटीत एकमेकांच्या मुलांवर नजर ठेवत आलो. कुणाचं पोर गच्चीच्या कठड्यावर चढलं, तर ते कुठल्या विंगचं हे आपण कधी पाहिलं नाही. किनाऱ्यावरही तेच करू या. बसमध्ये जितकी डोकी चढतील, तितकीच परत उतरली पाहिजेत.