वंशवारसा, जनुके आणि स्मृतिभ्रंश



आजी नातवाचे नाव विसरू लागली, की ‘वय झाले’ एवढे म्हणून घर पुढे चालू लागते. त्या विस्मरणामागे मेंदूचा विकार असू शकतो, हे जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली दाखवून दिले. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. अशा घरातील मुले मग विचारतात : आईला झाला, आम्हालाही होईल काय?

एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ‘एपीओई’ या जनुकाचा या विकाराशी असलेला संबंध १९९३ साली उघड झाला. त्याचे ‘ई-४’ हे रूप आई व वडील या दोघांकडूनही आले, तर युरोपीय वंशाच्या माणसाला असलेला धोका दहा पटींहून अधिक वाढतो. आफ्रिकी वंशात मात्र तेच रूप बरेच सौम्य ठरते, आणि जपानी लोकांत अधिक उग्र.

अक्षरे तीच असताना हा फरक का पडावा? पुस्तक कपाटात असणे निराळे आणि वाचकाच्या हाती जाणे निराळे, हे ग्रंथालयाच्या सभासदांना सांगावयास नको. जनुकाचेही तसेच आहे. त्याने किती काम करावे, हे बरेचसे त्याच्या शेजारचे भाग ठरवितात. ई-४ असलेल्या मृत रुग्णांच्या मेंदूतील पेशींची तपासणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्यात या जनुकाभोवतीचा भाग युरोपीय वारशाचा होता, त्यांच्यात ते आफ्रिकी वारसा असणाऱ्यांपेक्षा अधिक जोमाने कार्यरत आढळले. माणसाचा वर्ण येथे गौण आहे. महत्त्व आहे ते तेवढ्या तुकड्याच्या वारशाला.

मग आपले काय? अंबरपेठेहून जवळच, हबसीगुड्यात, ‘सीसीएमबी’ ही संशोधनसंस्था आहे. तेथील लालजी सिंग व थंगराज यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ साली दाखविले, की बहुतेक भारतीय समाज दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून, पण निरनिराळ्या प्रमाणात, घडले आहेत. त्यामुळे परदेशी कोष्टकातील आकडा मराठी कुटुंबाला जसाच्या तसा लावणे हे अनुमान नव्हे, अंदाजपंचे झाले. हरियाणातील बल्लभगडच्या पाहणीत अल्झायमरचे प्रमाण फार कमी आढळले. ई-४ धारण करणारेही तेथे कमी होते, परंतु जे होते त्यांना असलेला धोका अमेरिकेतल्यासारखाच दिसला. आणि बल्लभगड म्हणजे काही मराठवाडा किंवा तेलंगण नव्हे.

आईच्या वारशाइतकीच आईची भाषाही येथे आठवते. हैदराबादच्याच निजाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली; निरक्षरांतही हा फरक दिसला.