शरीराची ओळख, शरीराचा अभिमान



जुन्या काळी महाराष्ट्रातील अनेक घरांत मुलीला प्रथम न्हाण आले म्हणजे तिला मखरात बसवीत, तिची ओटी भरीत. पुढच्याच महिन्यापासून त्याच मुलीला तीन दिवस बाजूला बसवीत. एका दिवसाचा सोहळा आणि उरलेल्या आयुष्याचा विटाळ, अशी ही विसंगती होती. मखर गेले, विटाळाची भावना मात्र पुष्कळ घरांत तशीच राहिली. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आली’ अशा आडवळणाच्या शब्दांतून मुलीला पहिली शिकवण मिळते ती हीच, की आपल्या शरीरात काहीतरी लपविण्याजोगे आहे.

या समजुतीला महाराष्ट्रात विरोध झाला नाही असे नव्हे. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगातून देह आणि विटाळ यांच्याविषयी निर्भयपणे प्रश्न विचारले. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीराविषयी स्पष्ट मराठीत लिहिले. हाच स्पष्टपणा आज शाळेच्या वर्गात यावयास हवा.

वर्गात सांगावयाचे ते फार अवघड नाही. गर्भाशयात दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होते. गर्भधारणा झाली नाही, तर ते अस्तर रक्तासह बाहेर पडते. हे रक्त ‘घाण’ नव्हे. शरीरातील इतर रक्तासारखेच ते असते. सामान्यतः ते दोन ते सात दिवस जाते आणि एकूण दोन-तीन मोठ्या चमच्यांइतकेच असते. पहिली एक-दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते. कापड वापरल्यास ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे; नॅपकिन चार ते सहा तासांनी बदलावा. असह्य वेदना किंवा अतिरक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. इतके ज्ञान मिळालेली मुलगी घाबरत नाही आणि लाजतही नाही.

साधनांचा प्रसार झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयाच्या स्त्रियांत आरोग्यदायी साधने वापरणाऱ्यांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७७.३ टक्के झाले. परंतु साधन पोचणे आणि ज्ञान पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञान न पोचल्याची किंमत काय पडते, याची दोन उदाहरणे याच राज्यात घडली आहेत.

१९९४ साली पुणे जिल्ह्यातील एका शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत या मुलींना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. त्यावर देशभर वाद झाला. दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे. शासनाने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. फडावर शौचालय नाही, पाणी नाही, खाडा पडला तर मुकादमाचा दंड. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा बहुधा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या स्त्रीला ‘पिशवी खराब झाली’ असे सांगितले की ती शस्त्रक्रियेस तयार होते. गर्भाशयासह बीजकोशही काढले, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होतात, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

या दोन्ही ठिकाणी सोय करण्याऐवजी अवयवच काढून टाकला गेला. ज्या शरीराची कधी ओळखच करून दिली नाही, ते राखण्याचा आग्रह ती स्त्री कोठून धरणार? शरीराचा अभिमान ही चैनीची गोष्ट नव्हे. नको असलेल्या शस्त्रक्रियेस ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्यातूनच येते.

म्हणून हे शिक्षण सर्वांपर्यंत पोचले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार व्यक्तीच्या स्वतंत्र आणि समजून दिलेल्या संमतीवाचून तिला वंध्यत्व आणणारा वैद्यकीय उपचार करता येत नाही. परंतु समजून संमती देण्यासाठी आधी समजावून सांगणारा कोणीतरी हवा. अंध मुलीच्या हाती प्रत्यक्ष नॅपकिन देऊन, कर्णबधिर मुलीस चित्रांनी व खुणांनी, बौद्धिक दिव्यांग मुलीस बाहुलीवर पुनःपुन्हा सराव करवून हे शिकविता येते. आईवडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलीचा हा पाठ दिवाळीपूर्वीच, ती गाव सोडण्याआधी व्हावा. पाळी येणारे प्रत्येक मूल स्वतःला मुलगी मानतेच असे नाही. अशा मुलाची वर्गात थट्टा होऊ नये, ही जबाबदारी शिक्षकांची आहे. आणि या पाठाच्या वेळी मुलग्यांना वर्गाबाहेर पाठविण्याची प्रथा बंद व्हावी. आजचा विद्यार्थीच उद्याचा पती, पिता, मुकादम आणि सरपंच होणार आहे.

पंचायत सदस्यांचे काम याहून मोठे नसले तरी कमी महत्त्वाचे नाही. शाळेच्या शौचालयास आतून कडी, भरपूर पाणी, झाकणाची कचरापेटी आणि चाकाची खुर्ची आत जाईल इतके रुंद दार आहे काय, हे सदस्यांनी स्वतः जाऊन पाहावे. ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिला सभेत हा विषय घ्यावा. महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या निधीतून उणिवा दूर कराव्यात. आशा कार्यकर्तीने घरोघरी सांगावयाचे तेच शिक्षकाने वर्गात आणि सरपंचाने सभेत सांगितले, तर त्या शब्दांतील संकोच आपोआप गळून पडेल.

मखराची प्रथा पुन्हा आणण्याचे कारण नाही. मुलीला पाळी आल्याचे तिने घरात सर्वांसमोर साध्या शब्दांत सांगावे आणि वडिलांनी तितक्याच सहजपणे बाजारातून नॅपकिन आणून द्यावा, एवढे घडले तरी तिचा मान राखला जाईल. त्या मानाची सवय झालेली मुलगी पुढे फडावर गेली किंवा कचेरीत, आपल्या शरीराचा निर्णय दुसऱ्याच्या हाती देणार नाही.