रयतेच्या मुलांनीं राज्यशास्त्र कां शिकावें?
(हायस्कुलांत शिकणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांपुढें केलेलें भाषण)



दिवसभर शेतांत, भट्टीपुढें, मागावर राबून तुम्ही येथें आलां आहां, म्हणून आम्ही फार वेळ घेणार नाहीं. एकच गोष्ट सांगून खालीं बसूं. आपलीं मुलें हायस्कुलांत राज्यशास्त्र नांवाचा विषय शिकतात. तो विषय आपण सारेजण मळणींतल्या भुसासारखा बाजूला लोटतों. आमचें म्हणणें असें कीं, खरा दाणा त्याच ढिगांत पडला आहे.

मागें एका गांवीं दहावीच्या एका मुलाला आम्हीं विचारलें, "बाळ, ग्रामसभा म्हणजे काय?" त्यानें न अडखळतां व्याख्या म्हणून दाखविली. मग विचारलें, "तुमच्या गांवची ग्रामसभा शेवटची कधीं भरली?" मुलगा गप्प. बापाकडे पाहिलें, तोही गप्प. पुढें चौकशी करतां असें कळलें कीं, सभेच्या वहींत त्या बापाची सही होती! वही घरीं आली होती, आणि त्यानें न वाचतां सही करून दिली होती. मुलाला व्याख्या पाठ, बापाची सही हजर, आणि गांवचा कारभार दोघांनाही ठाऊक नाहीं. याला शिक्षण म्हणावें काय?

दोष एकट्या मास्तरांचा नाहीं. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची प्रश्नपत्रिका, आणि त्यांतही राज्यशास्त्र हा धाकटा भाऊ. म्हणून बाप म्हणतो, गणिताची शिकवणी लावूं, याला काय करायचें? मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्रीं चार ओळी घोकतो आणि निकालानंतर विसरतो. पण २०१८ सालीं आलेल्या दहावीच्या पुस्तकांत होतें काय? संविधानाची वाटचाल, निवडणूक, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, आणि लोकशाहीपुढील आव्हानें. यांतली कोणती गोष्ट तुमच्या उंबऱ्याबाहेरची आहे? पाण्याची पाळी, मालाचा भाव, रस्ता, रेशन, शाळेचें छप्पर हें सारें राजकारणांतच ठरतें. ज्याला तें कळत नाहीं, त्याच्याविषयीं दुसरेच ठरवितात.

ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांनीं फार पूर्वीं ओळखली होती. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें. सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरांत पडतो, हें त्यांनीं स्पष्ट मांडलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि १९१८ सालीं कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. दोन्ही हुकुमांमागें विचार एकच होता: दप्तर एका जातीच्या मुठींत राहिलें तर नांगर धरणाऱ्याला न्याय मिळत नाहीं. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली, तीही याच वाटेनें.

अज्ञानाची किंमत काय पडते याचा दाखला हवा असेल तर कूळकायद्याकडे पाहा. १९४८ सालीं मुंबई राज्यांत कुळांच्या रक्षणाचा कायदा झाला. कायदा कुळाच्या बाजूचा. पण कित्येक ठिकाणीं कुळांनीं "राजीखुषीनें" जमिनी सोडल्याचे कागद झाले. पुण्याच्या गोखले संस्थेंतर्फे दांडेकर आणि खुदनपूर यांनीं या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली, ती १९५७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत या राजीनाम्यांचा प्रकार उघड झाला. दोन पिढ्या कसलेली जमीन माणूस राजीखुषीनें सोडतो काय? दाब होता, भीति होती, आणि आपल्या बाजूचा कायदा झाला आहे याची पुरती ओळख नव्हती. कायदा पुस्तकांत असून भागत नाहीं. तो कुळाच्या डोक्यांत असावा लागतो.

आतां मताचें पाहूं. १९१९ च्या सुधारणांत मत होतें, पण तें सारा, घर आणि प्राप्ति यांच्या मापानें मोजून दिलेलें. मोलमजुरीवाला त्यांत नव्हता. १९५० सालीं संविधानानें प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत दिलें; १९८९ पासून एकविसाऐवजीं अठराव्या वर्षीं मत मिळूं लागलें. म्हणजे आज दहावींत बसलेल्या मुलाच्या बोटाला दोन-तीन वर्षांनीं शाई लागणार. गाडी हांकायला देण्यापूर्वीं आपण पोराला कासरा धरायला शिकवितों. मग राज्याचा कासरा हातीं देतांना शिकवायला नको काय?

येथें एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. पूर्वीं आपण शेटजी-भटजींच्या नांवानें बोटें मोडीत होतों, आणि तें रास्तच होतें. पण आज पंचायतींत, सोसायटींत, कारखान्यांत पुष्कळ ठिकाणीं आपल्यांतलाच माणूस बसला आहे. आपल्या जातीचा म्हणून आपण त्याला हिशेब विचारीत नाहीं. दप्तराचा मालक बदलला, पण दप्तर बंदच राहिलें, तर आपल्या आजा-पणजांनीं चळवळ केली ती कशासाठीं?

कोणी म्हणेल, "शाळेंत राजकारण नको, पोरें बिघडतील." पक्षाचा प्रचार शाळेंत नको, हें आम्हांलाही मान्य आहे. पण प्रचार वेगळा आणि अभ्यास वेगळा. जर्मनीनें हिटलरच्या अमलांत शाळेचें प्रचारयंत्र झालेलें भोगलें आहे. त्याच देशांतल्या बॉइटेल्सबाख नांवाच्या गांवीं १९७६ सालीं शिक्षणतज्ज्ञ जमले आणि त्यांच्या चर्चेंतून तीन नियम निघाले. मास्तरानें आपलें मत मुलांच्या गळीं उतरवूं नये. समाजांत ज्या गोष्टीवर वाद आहे ती शाळेंतही वाद म्हणूनच, दोन्ही बाजूंनीं मांडावी. आणि आपलें हित कशांत आहे हें ओळखण्याची ताकद विद्यार्थ्यांत यावी. हे तीन नियम आपल्या प्रत्येक हायस्कुलाच्या भिंतीवर लिहावेत असे आहेत. कर्जमाफी बरी कीं भाव बरा, धरण बरें कीं तळीं बरीं, आरक्षण कोणाला आणि कां, यावर मुलांनीं दोन्ही बाजू मांडाव्यात, पुरावा मागावा, आणि चिडल्याशिवाय ऐकून घ्यावें. असें शिकलेलें पोर दंगलींत दगड घेऊन धांवत नाहीं, आणि निवडणुकीच्या आदल्या रात्रीं मत विकीतही नाहीं.

मुलींविषयीं दोन शब्द. २०११ पासून महाराष्ट्रांत स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव झाल्या. तरी सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असें अनेक गांवीं दिसतें. त्या बाईला नांवें ठेवूं नका. तिला हायस्कुलांत कोणीं अंदाजपत्रक वाचायला शिकविलें होतें काय? आजच्या नववी-दहावींतल्या मुलीला तें शिकवा. उद्यां खुर्चीवर तीच बसेल, नवरा नव्हे.

कारागीर बांधवांनींही ऐकावें. जातपंचायतीनें दंड घ्यावा आणि न दिल्यास घर वाळीत टाकावें, ही चाल अजून कांहीं ठिकाणीं ऐकूं येते. महाराष्ट्रानें याविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ सालीं अमलांत आला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. तुमच्या घरांत हें कोणाला ठाऊक आहे? शिकणाऱ्या पोराला ठाऊक असलें तर तें घर भिणार नाहीं.

आतां करायचें काय? पैशाचा खर्च नाहीं, म्हणून ऐका. आठवड्यांतून एक दिवस जेवणानंतर मुलानें किंवा मुलीनें वर्तमानपत्रांतली एक बातमी घरांत मोठ्यानें वाचावी, आणि "हें कोणीं ठरविलें, कोणाचा फायदा, कोणाचा तोटा" हे तीन प्रश्न घरानें विचारावेत. कायद्याप्रमाणें वर्षांत निदान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. नववी-दहावीच्या वर्गाला मास्तरांनीं एकदां तरी ती दाखवावी. गणसंख्या म्हणजे शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या शेंकडा पंधरा, यांत जो आंकडा कमी तो. मुलांनीं मागें बसून डोकीं मोजावीत! २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर पंचायतीचा खर्च विचारतां येतो आणि साधारणतः तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. तो अर्ज लिहायला वर्गांत शिकवावें. निबंधाच्या वहींत "माझा आवडता ऋतु" दरसाल असतोच. एखादे वर्षीं "आमच्या पंचायतीचें अंदाजपत्रक" येऊं द्या.

आणि बापांनो, पुढच्या वेळीं वही घरीं आली, तर सही करण्यापूर्वीं ती पोराच्या हातांत द्या आणि म्हणा, "वाच बघूं, काय लिहिलंय?" तो वाचील, तुम्ही ऐकाल, आणि सही सभेंत जाऊनच कराल. त्या दिवशीं चाळीस गुणांच्या त्या प्रश्नपत्रिकेचा अभ्यास पुरा झाला असें आम्ही समजूं.