तबकडीवरचे नाव



संगीतावर बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही, हे आरंभीच कबूल करतो. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर बसून आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा रागदारीची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. लोकगीतांची नवी ध्वनिमुद्रणे काढणाऱ्या लहान कंपन्या हा आजचा विषय. आणि त्याविषयी आम्ही बोलणार आहोत ते मजुरीच्या अंगाने. कारण या विषयाशी आमची गाठ पडली ती मैफलीत नव्हे, युनियनच्या कचेरीत.

काही वर्षांपूर्वी एक हलगीवाले गृहस्थ कचेरीत आले. वय साठीच्या आसपास. सोबत नातू, नातवाच्या हातात मोबाईल. नातवाने एक गाणे लावले. यात्रेतले गाणे, सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही वरातीत त्या दिवसांत ते वाजत होते. गृहस्थ म्हणाले, "भाऊ, ही हलगी वाजतीया ती माझी हाय. पर ह्यात माझं नाव कुठं हाय, ते तेवढं दावा."

आम्ही चष्मा लावून पाहिले. गीत : पारंपरिक. संगीत : पारंपरिक. सर्व हक्क कंपनीचे. गाणाऱ्याचे नाव होते. हलगीवाल्याचे, सनईवाल्याचे, संबळवाल्याचे नव्हते. एका रात्रीत आठ गाणी वाजवून घेतली, जेवण दिले, बिदागी दिली आणि एका कागदावर अंगठा घेतला. कागदाची प्रत मात्र दिली नाही. आता परंपरेने हलगी वाजवली, असे आम्ही समजावे काय? परंपरेला हात असतात काय?

या प्रश्नाने आम्हांला वाचायला लावले. जे वाचले त्यातले थोडे येथे सांगतो.

आपल्या देशात गाण्याची तबकडी आली ती १९०२ साली. त्या वर्षी नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले. गौहरजान गायल्या, आणि गाणे संपताच त्यांनी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितले. पुष्कळांना तो नखरा वाटतो. वस्तुतः तो कारखान्याच्या सोयीचा भाग होता. मूळ मुद्रणे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात, तबकड्या तेथे छापल्या जात. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गाणे कोणाचे ते कसे कळावे? म्हणून गाणाराने आपले नाव गाण्यातच नोंदवायचे. यंत्राच्या अडचणीतून का होईना, पण पहिल्या दिवशी तबकडीवर गाणाराचे नाव गाणाराच्याच तोंडून उमटले.

आमच्या शाहिरांना ही युक्ती जुनीच ठाऊक होती. लावणीच्या, पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो, गुरूचे नाव घेतो, कधी गावही सांगतो. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी कुळाचार सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले; ते नाव त्यांच्या कवनांतून आजही ऐकू येते. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, पण कवनाची मालकी सांगण्याची सोय कवनातच होती. मग आली दहा इंची तबकडी. एका बाजूस तीन, फार तर साडेतीन मिनिटे. रात्रभर चालणारा वग, त्याआधीची गण-गौळण, बतावणी, हे सारे त्या डबीत बसायचे कसे? कवळापूरच्या काळू-बाळूंनी वगात हवालदारांची सोंगे रंगवून पहाटेपर्यंत माणसे जागेवर खिळवून ठेवली. त्यांतली तीन मिनिटे कापून कोणी दिली तर त्यांत काय उरेल? जागा अपुरी पडली की आधी गळते ते शेवटचे कडवे. म्हणजे नेमके नावाचे कडवे.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट येथे लांबवीत नाही. त्यांनी मोठी नावे करारात बांधली आणि बाजार धरून ठेवला. आमचे कुतूहल लहानांविषयी आहे. १९३५ साली मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली. तिचा छाप 'यंग इंडिया'. कारखाना वडाळ्याला. स्वदेशीचा अभिमान मिरवणारी ही कंपनी सुमारे वीस वर्षे, १९५५ पर्यंत, चालली. नामांकित गवई इतरांनी बांधून ठेवलेले. म्हणून हिने नवख्यांना, हौशींना उभे केले. लहान कंपनीचा हा गुण आम्हांला मानावासा वाटतो. मोठा दुकानदार ओळखीचा माल ठेवतो. लहानाला अनोळखी माल घेतल्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्यातूनच एखादा नवा गळा लोकांपर्यंत येतो.

तरीही किती गळे राहूनच गेले! १९४२ ते १९४६ या काळात याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार होते. गावोगाव पोवाडे झाले, डफ वाजले. ज्या गाण्यासाठी तुरुंग ठरलेला, ते कोणती कंपनी छापणार? वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आमच्यासारखेच शाळेबाहेर शिकलेले. मुंबईत गिरणी कामगारांच्या चाळींपुढे त्यांनी, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचा कारखाना म्हणजे मैदान, आणि त्यांची तबकडी म्हणजे ऐकणाऱ्याची स्मरणशक्ती. दुसरीकडे वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे. त्यांचा आवाज तबकडीवर चढला, घरोघर गेला, आणि त्यांनी गायलेले महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत झाले. तबकडी मिळणे आणि न मिळणे यांत केवढे अंतर पडते, ते यावरून दिसावे.

आमच्या तरुणपणी, १९८० नंतर, कॅसेट आली आणि मक्तेदारी खिळखिळी झाली. लाखेच्या तबकडीला कारखाना लागे. कॅसेटला दोन यंत्रे आणि एक खोली पुरे. धनगरी ओव्या, खंडोबाची गाणी, भीमगीते, भारुडे असे जे जे मोठ्यांनी दूर ठेवले होते ते टपरीवर मिळू लागले. पालीच्या यात्रेत वाघ्यामुरळीच्या गाण्यांच्या कॅसेटी बत्ताशांशेजारी मांडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. आरेवाडीच्या बिरोबाची ओवी, जी एरवी सबंध ऐकायला रात्र जागावी लागे, ती तासाच्या कॅसेटवर निदान अर्धीमुर्धी तरी मावली. यार्डातल्या चहाच्या टपरीवर ती लागली की हमाल पोते खाली ठेवून उभे राहत. हा आनंद खरा होता. परंतु वेष्टनावर शब्द तोच : पारंपरिक.

या शब्दाची चिकित्सा केली पाहिजे. गाणे जुने आहे, कर्ता अज्ञात आहे, एवढेच त्याने सांगायचे असेल तर आमचा आक्षेप नाही. गाणे साऱ्यांचे असू शकते. परंतु गळा साऱ्यांचा नसतो, आणि हलगी वाजवणारे हात तर मुळीच नसतात. सर्वांच्या विहिरीतले पाणी घरी आणून देणाऱ्या पाणक्याला, विहीर सार्वजनिक आहे म्हणून पगार नाकारता येईल काय?

कायदाही आमच्याच बाजूचा निघाला; हे कळले तेव्हा आम्ही खुर्चीतून उठलो! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचे हक्क आले. आज त्यांची मुदत ५० वर्षे आहे. गाणे पारंपरिक असो वा नवे, सादर करणाऱ्याचा हक्क स्वतंत्र. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली : सादरीकरणाचा धंद्यासाठी उपयोग झाला तर मानधनाचा वाटा, आणि आपले नाव लावले जाण्याचा हक्क. आणि सादरकर्ता कोण? गायक, वादक, नर्तक तर आहेतच. कसरतवाला आहे, जादूगार आहे, गारुडीसुद्धा आहे. एवढेच नव्हे, व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे चिटणीससाहेब, आजच्या रात्रीपुरते आम्ही आणि गारुडी एकाच कलमात बसलो आहोत.

कोणी म्हणतात, लोककलेला पैशाचा वास लावू नका; पूर्वी लोक भक्तीने वाजवीत. आम्ही विचारतो, कोण वाजवीत असे? हलगी कोणाच्या गळ्यात अडकवली होती आणि नाही म्हणायची मुभा त्याला होती काय, हे या सभागृहात समजावून सांगण्याची गरज नसावी. बाबासाहेबांच्या शिकवणुकीनंतर कित्येकांनी गावकीची कामे सोडली, ती कलेचा कंटाळा आला म्हणून नव्हे. ज्यांनी वाद्य ठेवले त्यांनी ते कला म्हणून ठेवले. त्यांना कलावंताचा मान आणि कामगाराचा दाम, दोन्ही देणे आहे.

नाव नोंदल्याने काय होते ते आम्ही हमालीत पाहिले आहे. पूर्वी मालक म्हणे, हा आमचा नोकर नव्हे, बाजारातला माणूस आहे. पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील आणि त्यांचे सोबती लढले, १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळाच्या वहीत हमालाचे नाव चढले, आणि त्या नावामागे भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली, भरपाई आली. 'बाजारातला माणूस' आणि 'पारंपरिक' हे दोन शब्द आम्हांला सख्खे भाऊ वाटतात.

नावे जपता येत नाहीत असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी व त्यांच्या सोबत्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीइतके निनावी दुसरे काय असेल? तरी तेथे गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. अमेरिकेत मोझेस ॲश यांनी १९४८ साली फोकवेज नावाची लहान कंपनी काढली. तबकडीबरोबर पुस्तिका देत. कोण गाते, कोठले गाणे, ते त्यात छापत. १९८६ साली ते वारले, आणि पुढच्या वर्षी स्मिथसोनियन संस्थेने तो संग्रह घेतला तो एकही तबकडी बाजारातून काढणार नाही, या अटीवर. पैशाच्या बाबतीत ॲशही सढळ नव्हते, अशी त्यांच्या कलावंतांची तक्रार होती. ती लपवण्याचे कारण नाही. आपल्याकडे दिल्लीच्या अमरस रेकॉर्ड्स या लहान कंपनीने राजस्थानच्या मांगणियारांचे गाणे जगापुढे आणले ते लखा खान यांच्यासारख्या सारंगियाचे नाव पुढे ठेवून.

आज आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गावागावांत असे लहान 'लेबल'वाले तरुण आहेत. मोबाईल, संगणक आणि दोन माईक, झाला कारखाना. यातला पुष्कळसा माल गोंगाट आहे. पण काही गाणी अशी की जुने यात्रेकरू मान डोलावतात. या मुलांशी आमचे भांडण नाही. तीही कर्ज काढून बसलेली असतात, आणि त्यांचे गाणे दुसऱ्याच दिवशी दहाजण चोरतात. लहान मालक मोठ्यापेक्षा सज्जन असतो असे नाही. पण त्याच्या दारात जाऊन बोलता येते.

त्या हलगीवाल्यांच्या जुन्या कागदाचे पुढे काही झाले नाही. प्रत मिळाली नाही आणि कंपनीची खोली बंद होती. मात्र गेल्या पौषात कराडकडच्या एका तरुणाने यात्रेच्या पाच गाण्यांचा नवा संच काढायचे ठरवले आणि त्यांनाच बोलावणे धाडले. आम्ही सोबत गेलो. एका पानाचा करार मराठीत लिहिला : रात्रीची बिदागी किती, पुढे पैसे आले तर त्यात वाटा किती, सर्व वादकांची नावे कोठे आणि कोणत्या क्रमाने. घासाघीस दोन तास चालली. तरुण म्हणाला, "काका, एवढी नावं टाकली तर गाण्याचं नाव कुठं टाकू?" आम्ही म्हणालो, खाली टाका. शेवटी दोन प्रती झाल्या. हलगीवाल्यांनी अंगठ्याऐवजी सही केली. नातवाने ती आठवडाभर गिरवून घेतली होती.

संच निघाला तेव्हा तिसऱ्या ओळीत त्यांचे नाव होते. गावाच्या नावात एक काना चुकला होता. तो दुरुस्त करून घेण्यासाठी परवा ते पुन्हा कचेरीत येऊन गेले.