साताऱ्याचे नाना, बीडचे खासदार



क्रांतिसिंह नाना पाटील १९७६ साली गेले. आम्ही त्यांना पाहिले नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून ते आम्हांस भेटले. कामगारांच्या या वस्तीत त्यांच्याविषयी बोलावयास कारण आहे.

नानांचा जन्म १९०० सालचा, येडे मच्छिंद्रच्या शेतकरी घरातला. तलाठ्याची नोकरी होती. ती सोडून ते १९३० च्या चळवळीत पडले. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान मंडळांनी गावातच तंटे मिटवले, गावगुंडांना जरब बसवली, थोड्या खर्चात लग्ने लावली. तालुक्याच्या कोर्टात खेटे घालून थकलेल्या माणसाला दारात न्याय मिळाला.

पुढे १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, सातारकरांनी त्यांना लोकसभेत धाडले. तेथे हा शेतकरी मराठीतून बोलला. १९६७ साली कम्युनिस्ट पक्षातर्फे ते पुन्हा निवडून आले. पण कोठून? बीडमधून! हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. प्रतिसरकारचा अंमल तेथे कधी नव्हता. नानांचे तेथे ना गाव, ना शिवार. तरी दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याने त्यांना आपले मानले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वल्लभनगरच्या एस.टी. स्थानकावर सातारचा माणूस उतरतो, तसा बीडचाही उतरतो. एक तीस वर्षांपूर्वी आला, कायम झाला, युनियनचा सभासद झाला. दुसरा काल आला आणि चाकणला ठेकेदाराच्या हजेरीवर लागला. यंत्र एकच, पाळी एकच, पगार मात्र निराळा. अनेक कारखान्यांत या दुसऱ्याला युनियनच्या निवडणुकीत मत नाही. पगारवाढीचा करार होतो, तेव्हा त्याचे नाव कोणी काढीत नाही.

कायम कामगार आम्हांस विचारतात, ‘यांना घेतले तर आमच्या कराराचे काय?’ प्रश्न खोटा नाही. पण कंत्राटी माणसे वाढली, की कायम माणसांनी संप केला तरी यंत्रे चालूच राहतात. मग मालक कशाला बोलणी करील? त्यांना बाहेर ठेवून आपलीच ताकद आपण घालवीत आहोत.

म्हणून पुढच्या मागणीपत्रात पहिले कलम कंत्राटी कामगाराचे असू द्या. बीडच्या शेतकऱ्याने साताऱ्याच्या माणसाला मत दिले. त्या शेतकऱ्याच्या नातवाला आपल्या युनियनमध्ये मत मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे.